चंबूतली विभूती

मारिलिंगम अण्णांना जाऊन अजून आठवडा झालेला नाही. गल्लीतले लोक येतात, ओट्यावर थोडा वेळ टेकतात आणि फिरून फिरून एकच बोलतात. थेंबाचा माणूस होता. एक थेंब कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही. अण्णी, म्हणजे त्यांची बायको पोन्नुत्ताई, मान हलवते. मी भिंतीला टेकून उभा राहतो. मी तमिळ साहित्य शिकलोय. शब्दांची वानवा असू नये मला. पण या लोकांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की काही सुचत नाही. पच्चैयम्माळचं नाव कुणीच काढत नाही.

त्यांना सगळे सोट्टु अण्णा म्हणायचे. सोट्टु म्हणजे थेंब. तरुणपणी ते एका चामड्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला लागले. तिथल्या केमिस्टनं त्यांना ब्युरेट, म्हणजे तोटीची काचेची मापनळी, धरायला शिकवलं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी एक ब्युरेट, तिचा लोखंडी स्टँड आणि एक काचेचा चंबू मागून घेतला. दुसरं काही मागितलं नाही. अण्णीचं माहेर इथलं, कोळत्तूरचं. तेव्हा ते इथं आले आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी स्टँड मांडून बसले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. पुस्तक घेऊन खाली यायचो आणि पुस्तक मांडीवर तसंच राहायचं.

कोळत्तूरमध्ये घराघरात शोभेच्या माशांच्या टाक्या. गच्चीवर, जिन्याखाली, बाळंतिणीच्या खाटेशेजारीसुद्धा. कुणी गप्पी वाढवतं, कुणी एंजल, कुणी फायटर. ज्याच्यात हिंमत असेल तो डिस्कस. आणि सगळे पाण्याच्या बाटल्या घेऊन अण्णांकडे येत.

पाण्यात आम्ल पचवायची ताकद असते. तिला क्षारता म्हणतात. मासे खातात, घाण करतात, टाकीतलं पाणी हळूहळू आंबट व्हायला बघतं. ताकद असते तोवर पाणी ते सगळं पोटात घालतं. वरून काही दिसत नाही. ताकद संपली की रातोरात पाणी आंबट होतं आणि सकाळी मासे तळाशी आडवे पडलेले असतात. म्हणून ताकद किती उरली आहे ते आधीच मोजावं लागतं.

अण्णा आलेल्या पाण्यानंच चंबू विसळायचे. मग मापून पाणी घ्यायचे, त्यात दर्शकाचे थेंब टाकायचे. पाणी निळं व्हायचं. डावा हात ब्युरेटच्या तोटीवर, उजव्या हातात चंबू, तो गोल गोल फिरत राहायचा. वरून आम्ल थेंब थेंब पडायचं. निळा रंग फिका होत जायचा, राखाडी व्हायचा आणि मग एका थेंबाला सगळं पाणी गुलाबी. तिथं तोटी बंद. जितकं आम्ल लागलं तितकी त्या पाण्याची ताकद.

"तो थेंब ओळखायचा," ते म्हणायचे. "त्याच्या पुढचा तर आंधळ्यालाही कळतो."

आकडा ते कागदावर लिहून द्यायचेच, पण सांगायचे पोटाच्या भाषेत. पाणी पोटभर आहे, अर्धपोटी आहे, उपाशी आहे.

"अण्णा, माझं पाणी कसं आहे?" कुणी विचारायचं.

"तुझ्यासारखंच. वरून शांत, आत काही नाही."

आजूबाजूचे हसायचे. ज्याचं पाणी तो सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

पच्चैयम्माळ अक्का आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा पाण्याचा टँकर चालवायचा. त्यानं हौसेनं गच्चीवर टाक्या मांडल्या होत्या. तो अपघातात गेला. सासरच्यांनी टाक्या विकून टाक म्हटलं. तिनं विकल्या नाहीत. आधी गप्पी केले, मग एंजल, आणि मग एकांबरमकडून डिस्कसची एक जोडी आणली.

एकांबरम म्हणजे आमच्या भागातला मोठा दलाल. सगळ्यांची पिलं तो विकत घेतो आणि चांगल्या जोड्या कुणाला द्यायच्या ते तोच ठरवतो. आणि आमच्याकडे हातगुण फार मानतात. नवी टाकी भरली की आधी गुणाच्या माणसाचा हात पाण्यात घालून घेतात. ज्याच्या टाक्यांतले मासे लागोपाठ मरतात त्याचा हात वाईट ठरतो. एकदा ठरला की ठरला. मग त्याला कुणी जोडी देत नाही, त्याची पिलं कुणी घेत नाही. पच्चैयम्माळ विधवा. तिच्या हाताबद्दल लोक आधीपासूनच कुजबुजत होते.

डिस्कसची पिलं दुसरं काही खात नाहीत. आईबापांच्या अंगावरचा चिकट थर चाटून वाढतात. जोडी बिनसली तर अंडी स्वतःच खाऊन टाकते. पच्चैयम्माळची जोडी सारखी अंडी खायची. मग एका सकाळी ती अनवाणी धावत आली.

"अण्णा, चिकटली! पोरं आईच्या अंगाला चिकटली!"

"ओरडू नकोस बाई, तुझ्या आवाजानं सुटतील."

"या ना बघायला. पोन्नक्का, तू पण ये. तंबी, पुस्तक ठेव ते." अण्णीला आणि मलाही तिनं उठवलं.

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. लालसर मोठ्या माशाच्या दोन्ही बाजूंना बारीक काळे ठिपके लोंबत होते. आई अंग झटकायची, ठिपके उडून बापाच्या अंगाला लागायचे. पच्चैयम्माळ टाकीपुढं उकिडवी बसली होती. तिचा हात काचेवर होता. एकांबरमही आला. त्यानं कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"पोंगलपर्यंत जगू देत. मग बोलू."

"पोंगलला तुम्हीच याल दारात, मामा," ती म्हणाली. "रांगेत उभं करीन."

एकांबरम हसला. तिची सगळी पत या एका विणीवर होती. पिलं जगली तर तिच्या हाताबद्दल कुणी पुन्हा बोललं नसतं. हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही.

मग आयुधपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं देवापुढं ठेवतात. अण्णीनं ब्युरेटला गंधाचा टिळा लावला, स्टँडला कुंकू लावलं आणि चंबूवर विभूतीचे, म्हणजे भस्माचे, तीन पट्टे ओढले. चुरमुरे, गूळ आणि हरभऱ्यांचं सुंडल झालं. दारात कोहळा फोडला. दुसरा दिवस विजयादशमी. त्या दिवशी हत्यार आहे तसं उचलून कामाला लावायचं. पूजेचं काही पुसायचं नाही, धुवायचं नाही. अण्णा वर्षाची पहिली मोजणी त्या दिवशी करायचे. पहिल्या बाटलीचा मान त्यांनी पच्चैयम्माळला दिला होता.

ती नवी साडी नेसून आली. ईशान्येकडचा पाऊस नुकताच लागला होता आणि तिनं गच्चीवरची पिंपं भरून ठेवली होती. डिस्कसना हलकं, कमी क्षारांचं पाणी लागतं आणि तिच्या बोअरचं पाणी जड. म्हणून ती दोन्ही मिसळत होती. पावसाच्या पाण्यात ताकद जवळजवळ नसते. किती मिसळायचं हाच प्रश्न होता.

अण्णांनी मोजलं. मी समोर बसलो होतो. निळा रंग बराच वेळ टिकला.

"अर्ध्याहून जास्त पोट भरलंय," अण्णा म्हणाले. "खुशाल घाल पावसाचं."

"आणखी अर्धं घालू?"

"घाल."

तिनं त्यांच्या पाया पडून गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गेली.

पुढं काय झालं ते अख्ख्या कोळत्तूरला माहीत आहे. दोनेक दिवसांनी ती बाटली घेऊन आली. तिच्या पदराला पाणी लागलेलं होतं. जोडी गेली होती, पिलं गेली होती, शेजारच्या टाकीतले एंजलही गेले होते. तिनं बाटली पुढं केली. अण्णांनी चंबू धुतला, पुन्हा धुतला, पाणी घेतलं. पहिल्या थेंबालाच गुलाबी झालं. ते चंबूकडे बघत राहिले.

"अण्णा, माझं कुठं चुकलं?"

अण्णा म्हणाले, "पावसाचं पाणी जास्त झालं असेल."

तिनं मान डोलावली. एवढंच. मला तेव्हा ते वाक्य साधं वाटलं.

गल्लीनं निकाल दिला. एकांबरम चहाच्या टपरीवर म्हणाला, "आधी नवरा, मग मासे. हात आहे बाबा, त्याला कोण काय करणार?" तो तिला जोडी देईना. दुसरेही देईनात. तिचे उरलेले गप्पी कुणी घेईना. लहान मुलं टाकीपाशी असली आणि ती दारात आली तर आया मुलांना आत बोलवायच्या. पोंगलच्या आधीच तिनं टाक्या काढल्या. अंबत्तूरला भावाकडं गेली आणि शिलाईच्या कारखान्यात लागली.

अण्णांचं काम चालूच होतं. पण ते पोटाच्या भाषेत बोलेनासे झाले. आकडा लिहायचे आणि कागद पुढं सरकवायचे. लोक म्हणायचे, वय झालं. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या आयुधपूजेला अण्णी विभूतीची वाटी घेऊन खिडकीपाशी गेली. चंबू जागेवर नव्हता.

"चंबू कुठाय?"

"राहू दे. त्याला लावू नकोस."

"का? तुमच्या पोटाला घालतो तो चंबू. त्याला उपाशी ठेवू होय?"

"म्हटलं ना, लावू नकोस!"

मी त्यांना अण्णीवर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. अण्णीनं वाटी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं अण्णा जिना चढून माझ्या खोलीत आले. चंबू त्यांच्या हातात होता, धोतरात गुंडाळलेला. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "तंबी, मला दिसलं होतं."

"काय?" मी विचारलं.

"विजयादशमीला. चंबूच्या तळाशी पांढरं दिसत होतं. पोन्नुत्ताईनं पट्टे ओढले तेव्हा बोटावरची विभूती आत सांडली असेल. दुकानातली विभूती म्हणजे चुनखडीच की रे. आम्ल पडलं तसे बारीक बुडबुडे आले. तेही दिसले."

"मग?"

"मग काय? देवाची विभूती. त्या दिवशी कशी धुवायची? म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय."

त्यांनी चंबू धोतरातून बाहेर काढला. "आम्ल विभूतीनं खाल्लं. मी ते पाण्याच्या नावावर मांडलं. तिचं पाणी उपाशी होतं आणि मी म्हटलं, आणखी पातळ कर."

मी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"ती बाटली घेऊन समोर उभी होती तेव्हाच. तोंडापर्यंत आलं होतं. आणि तोंडातून दुसरंच निघालं."

मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी म्हणालो, "अण्णा, सांगून टाका. सगळ्यांसमोर."

"सांगतो," ते म्हणाले. त्यांनी चंबू पुन्हा धोतरात गुंडाळला.

रविवारी शोभेच्या माशांचा बाजार भरतो, तिथं ते स्टँड घेऊनच गेले. तो धरायला मी बरोबर होतो. एकांबरमच्या दुकानापुढं गर्दी होती. अण्णांनी स्टुलावर स्टँड मांडला.

"एकांबरम, ऐक. सगळे ऐका. पच्चैयम्माळचे मासे माझ्यामुळं मेले."

"सकाळीच घेतलीत का अण्णा?" मागून कुणी तरी म्हणालं. हशा पिकला.

अण्णांनी सगळं सांगितलं. चंबू, विभूती, बुडबुडे. एकांबरमनं दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"मुरुगा, मुरुगा! देवाच्या विभूतीनं मासे मेले म्हणता? जीभ आवरा अण्णा, आज मुरुगाची षष्ठी आहे."

"देवाचा दोष नाही. माझा आहे. बघा."

त्यांनी दोन चंबूंत पावसाचं पाणी घेतलं. दुसरा चंबू त्यांनी एका शाळेतून मागून आणला होता. एकात चिमूटभर विभूती टाकली. दोन्हीत दर्शक घातला, दोन्ही निळे झाले. पहिल्यात थेंब पडला आणि पाणी गुलाबी झालं. विभूतीच्या चंबूत थेंबामागून थेंब पडत राहिले आणि पाणी निळंच राहिलं. जादूचा खेळ बघावा तसे लोक बघत होते.

"पुन्हा करून दाखवा अण्णा."

त्यांनी पुन्हा करून दाखवलं. एका पोरानं शिट्टी मारली. एकांबरम पुढं आला आणि त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोठं मन आहे तुमचं. त्या बाईसाठी सगळं स्वतःवर घेताय. देव तुमचं भलं करो."

"मी खोटं नाही बोलत."

"तुम्ही कधी खोटं बोललात? तुमची मोजणी आणि चूक? सोडा हो. लोक काय म्हणतील? हात तो हात. त्याला तुम्ही तरी काय करणार?"

लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी पाय मागं घेतले.

परत येताना ते सावकाश चालत होते. बसस्टॉपपाशी थांबून म्हणाले, "तेव्हाच सांगितलं असतं तर चपलेनं मारलं असतं त्यांनी मला. बरं झालं असतं."

त्यांनी एकांबरमकडून डिस्कसची जोडी घेतली, स्वतःच्या नावावर. एकांबरमनं सगळ्यांत देखणी जोडी काढून दिली. ती पिशवीत घालून आम्ही बसनं अंबत्तूरला गेलो. पच्चैयम्माळ अक्का नुकतीच कामावरून आली होती. खूप वाळली होती. तिनं चटई टाकली.

"अण्णा, तुम्ही? पोन्नक्का बरी आहे ना?"

अण्णा बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं, बाजारात सांगितलं तसंच सगळं. ती ऐकत राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

तिनं चटईचा कोपरा सरळ केला. मग म्हणाली, "मी रोज हिशेब करायची. किती पिंपं ओतली, कुठल्या टाकीत ओतली. वाटायचं, एक पिंप कमी ओतलं असतं तर. आमच्या यांच्या टाक्या होत्या हो त्या, अण्णा. भंगारवाला काचा फोडूनच घेऊन गेला."

अण्णांनी पिशवी पुढं केली. आत मासे कडेकडेनं फिरत होते. पच्चैयम्माळनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नको. तुम्हीच धरा."

"अगं, आत्ता सांगितलं ना मी, तुझ्या हाताचं काही नव्हतं."

"कळलं मला."

"मग घे की."

"कळलं, अण्णा. पण माझा हात लागायला नको. चांगली जोडी आहे."

तिनं आम्हाला कॉफी दिली. पेले पिशवीपासून लांब ठेवले. निघताना अण्णांच्या पाया पडली. अण्णा बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसले होते.

जोडी त्यांनी मागच्या खोलीतल्या टाकीत सोडली. बाहेरच्यांच्या बाटल्या घेणं बंद केलं. रोज सकाळी आपल्याच टाकीचं पाणी मोजायचे आणि पच्चैयम्माळला फोन करायचे. "आज पोटभर आहे," इतकंच सांगायचे. ती "बरं" म्हणायची. पुढं कधी तरी ती विचारायला लागली, खाणं घेतात का, नर रुसतो का. अण्णांचा चेहरा त्या वेळी थोडा मोकळा व्हायचा. ते म्हणायचे, "येशील तेव्हा बघ." ती येते म्हणायची आणि यायची नाही.

गेल्या सोमवारी तिला फोन केल्यावर ते खुर्चीत तसेच बसून राहिले. अण्णीनं हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

पच्चैयम्माळ काल आली. अण्णीच्या गळ्यात पडून रडली. ओट्यावर लोक बसलेले होते. एकांबरमही होता. तो तिच्यापासून लांब सरकून बसला. "थेंबाचा माणूस होता," तो म्हणाला. ती ऐकून आत आली.

"तंबी, जोडी कुठाय?"

मी मागं घेऊन गेलो. या गडबडीत टाकीकडे कुणी बघितलं नव्हतं. पाणी गढूळ दिसत होतं. मातीच्या सुरईला मादीनं अंडी चिकटवली होती आणि नर पंखांनी वारा घालत होता. पच्चैयम्माळ वाकली. तिचा श्वास काचेवर उमटला.

"मोजलं कधी शेवटचं?"

"सोमवारी."

"पाणी थोडं बदलायला हवं. आत्ताच. जास्त नको, थोडं."

"तुम्ही बदला ना, अक्का."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीच नळी घेतली. मला नीट जमत नव्हतं. बादलीतलं पाणी टाकीत सोडायला लागलो तर धार सुरईवर जायला लागली. नर बिथरून बाजूला झाला.

"अरे, तशी नको! अंडी जातील!"

तिचा हात झटकन पुढं आला. पाण्याच्या वर वीतभर अंतरावर थांबला. बोटं उघडी होती. ओट्यावर कुणी तरी खाकरलं. तिनं हात मागं घेऊन पदराखाली नेला.

"काचेकडं वळव," ती म्हणाली. "काचेवरून पडू दे हळूहळू."

मी नळी वळवली.